मगदूम सरांनी मीठ सोडलं

भूपाल मगदूम सर आफ्रिकेतून परत आले ते १९६७ सालच्या ऑगस्टात. मी आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून तेव्हा एकच वर्ष झालं होतं, त्यामुळे त्यांना मी आधी पाहिलेलं नव्हतं. ऐकलेलं मात्र पुष्कळ होतं. चार वर्षांपूर्वी पूर्व नायजेरियातल्या एका मिशनच्या शाळेत अर्थशास्त्र आणि व्यापारी भूगोल शिकवायला ते बिनपगारी रजेवर गेले, तेव्हा शाळेनं त्यांना फेटा बांधून निरोप दिला होता. हेडमास्तर गणपतराव सांगायचे, "मगदूम म्हणजे आकड्यांचा माणूस. पण असं सांगतो की पोरं गोष्ट ऐकल्यागत ऐकत्यात."

रुजू झाला तो माणूस वेगळाच होता. उंच, किरकोळ, पांढरी टोपी, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कुणी काही विचारलं की आधी खाली बघायचे आणि मग दोन शब्दांत उत्तर द्यायचे. मधल्या सुट्टीत शिक्षक त्यांच्याभोवती जमले. सिंह बघितला का, ऊन किती असतं, असं विचारून झालं. मग कुणी तरी म्हणालं, "तिकडं लढाई लागली म्हणे?" सर म्हणाले, "लागली." आणि फळ्यावरचा खडू हाताला लागला नव्हता तरी हात धुवायला उठून गेले.

त्यांची माझी ओळख वाढली ती पत्रांमुळे. त्यांना पत्रं इंग्रजीत लिहायची असत आणि त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. तरी लिहिलेलं पत्र ते माझ्याकडे आणायचे. "बाई, जरा बघा. यात कुठं कठोर शब्द तर गेला न्हाई?" सगळी पत्रं एकाच माणसाला. सिप्रियन ओन्वुका, तिथल्या शाळेचे उपमुख्याध्यापक. एकही पत्र पोचत नव्हतं. त्या प्रदेशाचं टपालच बंद झालं होतं. पोस्टातला कारकून घ्यायचा नाही, तर सर म्हणायचे, "घ्या तरी. वाट उघडली की जाईल."

हळूहळू मी त्यांच्या घरी जाऊ लागले. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दोन खोल्या. रत्नाबाई वहिनी, सरांच्या पत्नी, शेवटची दोन वर्षं त्यांच्याबरोबर तिकडं होत्या. मूलबाळ नव्हतं. वहिनींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण ओन्वुकांच्या बायकोशी, कॅथरीनशी, त्यांचं इतकं जमलं होतं की दोघी एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या. ओन्वुकांना तीन मुलं. थोरली न्कीरू नऊ वर्षांची. मग चिदी आणि ओबी, दोघं लहान.

"चिदी म्हंजे आमच्यातच असायचा," वहिनी सांगत. "गुळाची पोळी दिली की 'रत्ना-मा, रत्ना-मा' करत मागनं फिरायचा. मी म्हराठीत बोलायची, त्यो त्येंच्या भाषेत. काय अडलं न्हाय."

सरांच्या तोंडून सगळी हकिकत मला कळली ती पुढच्या वर्षी, १९६८ च्या मार्चमध्ये, ओन्वुकांचं पहिलं पत्र आल्यावर. एक आयरिश पाद्री तिथून बाहेर पडला होता, त्यानं ते कुठल्या तरी युरोपातल्या गावातून टपालात टाकलं होतं. पण ते पत्र समजायला आधी काय घडलं ते सांगायला हवं.

नायजेरिया हा इंग्रजांनी बांधलेला मोठा संघ. त्यात उत्तरेचे लोक वेगळे, पश्चिमेचे वेगळे, पूर्वेचे इग्बो वेगळे. स्वातंत्र्यानंतर सहा वर्षांत भांडणं विकोपाला गेली. १९६६ साली उत्तरेत हजारो इग्बो मारले गेले. वाचले ते गाठोडी घेऊन पूर्वेला आले. सरांच्या शाळेच्या वर्गांतसुद्धा अशी माणसं राहिली होती. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पूर्वेनं जाहीर केलं की आम्ही आता या संघात नाही, आमचा देश निराळा, त्याचं नाव बियाफ्रा.

गावागावात ढोल वाजले. आणि त्याबरोबरच प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न होता: एवढासा देश, तो जगणार कसा?

तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. म्हणाले, "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता आणि तुम्ही परके. तुमच्या बोलण्याला लोक पक्षपाती म्हणणार नाहीत. शनिवारी सभागृहात गावाला सांगा, आपला देश उभा राहील की नाही."

सरांनी पाच दिवस खपून भाषण तयार केलं. जमिनीखालचं खनिज तेल, एनुगूचा कोळसा, पामतेल, बंदरं, शिकलेली माणसं, सगळं मांडलं. युरोपातल्या चिमुकल्या देशांची उदाहरणं घेतली. आपल्या कोल्हापूरचंसुद्धा घेतलं. काल-परवापर्यंत आमचं संस्थान होतं, त्याची स्वतःची रेल्वे होती, कापडाची गिरणी होती, बाजारपेठ होती. लहान म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. अशी अकरा पानं. आणि बारावं पान त्यांनी सर्वांत शेवटी लिहिलं होतं. त्यात त्यांच्या वडिलांची गोष्ट होती.

सरांचं गाव हातकणंगल्याजवळचं. वडिलांचा, आप्पांचा, शेतीबरोबर बैलगाडीचा धंदा. इकडून गूळ आणि हळद घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचे आणि खाली खारेपाटणच्या खाडीवरून मीठ भरून यायचे. एका श्रावणात पुढं घाट खचला आणि मागं कोल्हापूरची वाट पुरानं बंद झाली. आप्पांची गाडी वर बावड्याकडच्या वाडीत तीन आठवडे अडकून पडली. त्या वाडीतलं मीठ संपलं. घराघरात नाचणीच्या कणग्या भरलेल्या होत्या, गोठ्यात दुभतं होतं, आणि माणसं अळणी खाऊन खाऊन गळाठली होती. एक म्हातारी पाटीभर नाचणी घेऊन आप्पांच्या गाडीशी आली आणि म्हणाली, पावणं, मूठभर मीठ द्या. आप्पांच्या गाडीत त्या वेळी गूळच होता. ते घरी आल्यावर पोराला म्हणाले, "भूपाल, कणगी भरली म्हणून माणूस जगत न्हाय. वाट पायजे."

बाराव्या पानावर सरांनी लिहिलं होतं: मी ज्या लहान देशांची नावं घेतली त्या सगळ्यांना शेजाऱ्यानं वाट दिलेली आहे. तुमची वाट ज्याच्या हातात आहे त्याच्याशीच तुम्ही भांडण मांडलं आहे. तेल पिता येत नाही, कोळसा खाता येत नाही. आधी एक वाट, एक बंदर, कुठल्याही अटीवर पक्कं करून घ्या. ते होणार नसेल तर थांबा.

"मग?" मी विचारलं.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. "सभागृहात मावेना एवढे लोक आले होते, बाई. उत्तरेतनं जीव घेऊन आलेली माणसं पुढच्या बाकांवर होती. एका बाईच्या कपाळावर हा एवढा वण. अकराव्या पानाच्या शेवटी माझं वाक्य होतं, 'लहान असणं हा गुन्हा नाही.' ते म्हणालो आणि सगळे उभेच राहिले. टाळ्या, आरोळ्या, बाहेर ढोल सुरू झाले. थांबेनातच. मी बारावं पान हातात धरून उभा होतो. मला वाटलं, आता यांना हे कशाला सांगायचं? आजचा दिवस राहू दे. पुढं कधी तरी सांगू. पान घडी घालून खिशात टाकलं आणि खाली बसलो."

त्याच संध्याकाळी ओन्वुका त्यांना घरी घेऊन गेले. कॅथरीन स्वयंपाकघरात होती. ओन्वुकांना दुसऱ्या देशातून, फ्रीटाऊनच्या एका शाळेतून, नोकरीचं पत्र आलेलं सरांना माहीत होतं. बायको-मुलांसकट तिकडं जायची सोय होती. चुलीशेजारी उभं राहून ओन्वुकांनी विचारलं, "मगदूम, तिथं लोकांसमोर बोललात ते राहू द्या. इथं घरात सांगा. हा देश उभा राहील? का मी यांना घेऊन जाऊ?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, उभा राहील."

पुढच्या महिन्यात लढाईला तोंड फुटलं. परक्या लोकांना बाहेर काढलं जात होतं, त्यात सर आणि वहिनी निघाले. मोटारीपर्यंत पोचवायला ओन्वुकांचं सगळं घर आलं होतं. वहिनींनी उरलेल्या गुळाची ढेप कॅथरीनच्या हातात दिली. चिदी मोटारीत चढून बसला होता, त्याला उचलून खाली ठेवावं लागलं.

आता ते मार्चमधलं पत्र. मी वाचलं आहे, म्हणून सांगते. अक्षर सुरेख, कागद वहीतून फाडलेला. ओन्वुकांनी लिहिलं होतं की शाळा बंद आहे, सभागृहात आता दवाखाना आहे. समुद्राकडची वाट संघाच्या फौजांनी आवळत आणली आहे. मीठ चमच्यानं विकतात, आणि तेही ज्यांच्याकडे वशिला आहे त्यांनाच मिळतं. पुढे असं काहीसं होतं: 'मगदूम, तुम्ही तुमच्या भाषणात सगळं मोजलंत, पण माशाचं नाव घेतलं नाहीत. आम्ही मागं बसून हसत होतो, की जैन माणूस, तो माशाचं नाव कसं घेईल? आम्ही खातो तो सुका मासा थंड देशांतून बोटीनं यायचा, आणि गुरं उत्तरेतून यायची. दोन्ही बंद झाली. मुलांना कंद उकडून देतो. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. चिदीचे केस तांबूस झाले आहेत आणि पाय सुजतात. डॉक्टर म्हणतात, त्याला मासा, दूध, अंडं काहीही द्या. कॅथरीन रत्नाबाईंना नमस्कार सांगते.'

सरांनी पत्राची घडी घातली. म्हणाले, "चार वर्षं मी त्या बाजारातनं रोज जात होतो. मासळीची ओळ आली की नाकाला रुमाल लावून पलीकडच्या अंगानं जायचो. काय विकतात, कुठनं येतं, एकदासुद्धा विचारलं न्हाई. अर्थशास्त्राचा मास्तर मी!"

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की चिदीचं काही तरी आहे. "काय झालंय त्येला?" त्यांनी विचारलं. सरांनी घडी केलेलं पत्र माझ्या हातात दिलं, म्हणून मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि त्यांनी चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवलं.

त्याच आठवड्यात सर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेले. गावात एक मुनिमहाराज आले होते, त्यांच्यापुढे हात जोडून सरांनी मीठ सोडण्याचा नियम घेतला. जैन घरात हे नवल नव्हे. कुणी तूप सोडतं, कुणी साखर, कुणी चातुर्मासापुरतं मीठ. महाराजांनी विचारलं, "किती दिवसांचा?" सर म्हणाले, "वाट उघडेपर्यंत." महाराजांना काय समजलं कुणास ठाऊक, त्यांनी हातातली मोरपिसांची पिंछी वर करून आशीर्वाद दिला.

त्या वर्षी पावसाळ्यात आपल्याकडच्या साप्ताहिकांतसुद्धा बियाफ्राच्या मुलांचे फोटो छापून आले. फुगलेली पोटं, काडीसारखे हात, मोठे डोळे. स्टाफरूममध्ये एकानं अंक उघडला आणि म्हणाला, "अरारा, काय ही दशा." मगदूम सरांनी तो अंक मागून घेतला आणि चष्मा काढून एकेक चेहरा जवळून बघितला. ते कुणाला शोधताहेत हे मला एकटीला माहीत होतं. अंक परत देताना म्हणाले, "न्हाई यात."

लढाई सत्तरच्या जानेवारीत संपली. बियाफ्रा हरला, नाव नकाशावरून गेलं, प्रदेश पुन्हा संघात आला. टपाल सुरू झालं. मला वाटलं आता सर मीठ खातील. मी वहिनींना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मी बी तेच म्हटलं. तर म्हणत्यात, उत्तर कुठं आलंय अजून?" सरांनी त्या दोन वर्षांत अकरा पत्रं पाठवली. ती गेली कुठं, कळत नव्हतं.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. बांगलादेश झाला. कोल्हापुरात पेढे वाटले गेले, पोरांनी मिरवणुका काढल्या. गणपतरावांनी शाळेत सभा ठरवली आणि मगदूम सरांना म्हणाले, "तुम्ही बोला. नव्या देशाचं आर्थिक भवितव्य. हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?" सर नको म्हणाले. गणपतराव हट्टी. म्हणाले, "मगदूम, चार वर्सं तुम्ही तोंड शिवून बसलाय. आता बोला की."

मला अजून ती सभा दिसते. मैदानात मुलं बसलेली, भुईमुगाच्या शेंगा खात. सर उभे राहिले. हातात कागद नव्हता.

"नवा देश झाला," ते म्हणाले. "तो उभा राहील का, असं मला विचारलंय. मी त्या देशातली माणसं काय खातात ते आधी शोधलं. भात खातात, तो तिथं पिकतो. मासे खातात, ते तिथल्या नद्यांत मिळतात. मीठ…" इथं ते थांबले. "मीठ तिथं समुद्रकाठी पिकतं. कापड न्हाई, कोळसा न्हाई. तागाचं पीक हाय, पण ते विकायला बंदर चालू पायजे. औषध बाहेरनं आणावं लागंल. काड्यापेटी बाहेरनं. रॉकेल बाहेरनं."

मुलं चुळबुळ करू लागली. त्यांना वाटलं होतं सर रणगाड्यांचं सांगतील. सर एकेक वस्तू घेत होते आणि ती कुठून येते ते सांगत होते. वीस मिनिटं झाली असतील. संस्कृतचे नृसिंह जोशी माझ्या शेजारी बसले होते. ते अर्धवट उठून हळूच म्हणाले, "सर, आज आनंदाचा दिवस आहे."

सरांनी ऐकलं. ते म्हणाले, "हाय, आनंदाचाच हाय. मी त्यांच्या वाईटावर न्हाई. पण त्यांचं भलं होईल का, हे मला सांगता येत न्हाई. मला एकच सांगता येतं. त्या देशाच्या तीन बाजूंना आपण हाय. वाट आपल्या हातात हाय. पोरांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोण कुठं खुर्चीवर बसंल. कुणाशी कितीबी भांडण होऊ द्या. वाट बंद करू नका. मोठी माणसं भांडत्यात आणि…"

ते तसेच उभे राहिले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. मागं कुणी तरी हसलं, त्याला दुसऱ्यानं धपाटा घातला. गणपतराव उठले, सरांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि 'जन गण मन' सुरू करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज दिला: वरचे वर्ग नकोत, पाचवी-सहावीचं गणित द्या. गणपतरावांनी तो निमूट मंजूर केला. मला म्हणाले, "माझीच चूक झाली, बाई. मला काय ठावं?"

कॅथरीनचं पत्र आलं ते बहात्तरच्या उन्हाळ्यात. छोटंसं होतं. चिदी अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये गेला, ओबी त्याच्या मागून दोन महिन्यांनी. सिप्रियन दवाखान्यासाठी औषधं आणायला गेले होते, ते ज्या रस्त्यावर होते तिथं विमानातून बॉम्ब पडले. न्कीरू आहे. ती शाळेत जाते. तुम्ही दोघं सुखरूप आहात हे कळून बरं वाटलं.

ते पत्र वहिनींना मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. सर बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी वाचलं. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, "ऑगस्टात? तवा हितं मी पंचमीला दिंडं केली हुती." आणि मग त्या जमिनीवर हात आपटून रडल्या, जसं घरातलं मूल गेल्यावर रडतात.

त्यानंतर सर दर तीन-चार महिन्यांनी न्कीरूला लिहायचे. कधी वह्या, कधी नकाशांचं पुस्तक पाठवायचे. पत्रात अभ्यासाचं, हवामानाचं, वहिनींच्या तब्येतीचं. भाषणाचा किंवा त्या संध्याकाळच्या प्रश्नाचा एक शब्द नसायचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, एकदा विचारून टाका ना. तुमच्या सांगण्यावरून ते थांबले का, ते त्यांनाच माहीत."

सर कधी नव्हे ते रागावले. "काय विचारू? तुमचा नवरा आणि दोन पोरं माझ्या एका शब्दापायी गेली का, असं विचारू त्या माउलीला? ती चांगली बाई हाय. ती न्हाईच म्हणंल. मग मला कधीच खरं कळायचं न्हाई."

मी पुन्हा विषय काढला नाही.

वाट उघडली, उत्तरही आलं, तरी मीठ सोडलेलंच राहिलं. वहिनी एकाच चुलीवर दोन भाज्या करायच्या, नंतर कंटाळून त्याही अळणीच खाऊ लागल्या. एकोणऐंशी साली सर निवृत्त झाले. निरोपाचं जेवण शाळेत होतं, त्यांनी ताटातला फक्त दहीभात खाल्ला. पुढं त्यांना चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार खाली जातोय, जेवणात चिमूटभर मीठ घ्या, दुसरं औषध नको. सर मान डोलवायचे आणि घरी येऊन तेच. वहिनींनी एकदा आमटीत गुपचूप टाकलं, तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सारून उठले आणि दिवसभर उपाशी राहिले. त्यानंतर वहिनींनी तसं केलं नाही. एक्क्याऐंशीच्या भाद्रपदात, सकाळी बस्तीतून परतताना, ते रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. साठीत होते.

मी न्कीरूला कळवलं. ती आता चोवीस वर्षांची होती, बापाच्याच शाळेत शिकवत होती. आणि सरांनी जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. भाषण, बारावं पान, स्वयंपाकघरातला प्रश्न, सगळं लिहिलं; मिठाचं तेवढं लिहिलं नाही. लिहिताना मला वाटत होतं की मी चोरून काही तरी करते आहे.

उत्तर यायला अडीच महिने लागले. मी वहिनींकडे गेले. दुपारची वेळ, त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी पत्र मराठीत सांगत गेले.

न्कीरूनं लिहिलं होतं की भाषणाचं तिला काहीच आठवत नाही. आईलाही नीट आठवत नाही. त्या दिवसांत रोज कुणी ना कुणी भाषण करत होतं. तिला आठवते रत्ना-माच्या गुळाच्या पोळीची चव. 'फ्रीटाऊनच्या शाळेला बाबांनी नकार कळवला तो एप्रिलमध्ये, तुमच्या सरांच्या भाषणाच्या दीड महिना आधी. माझी आजी घर सोडायला तयार नव्हती आणि बाबा तिला सोडून जाणारे नव्हते. हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं. ती घाबरली होती. म्हणून त्यांनी सरांना तिच्यासमोर विचारलं, तिच्या कानावर पडावं म्हणून. आईला हे बाबांनीच पुढे लढाईत सांगितलं. आई म्हणते, त्या रात्री खूप दिवसांनी तिला झोप लागली होती. सरांना हे माहीत नव्हतं, हे वाचून आईला फार वाईट वाटलं.'

वहिनींचा हात सुपात थांबला होता.

"म्हंजे ह्येंच्या सांगण्यावर कोण थांबलंच न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"एप्रिलातच ठरलं हुतं."

"हो."

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्या रडतील. पण त्यांचा आवाज कोरडाच होता.

"येवडा शिकलेला माणूस. आन् एक पत्र टाकून इचारता आलं न्हाय. भ्यालं, बाई. दुसरं काय न्हाय, भ्यालं." मग हळू: "मी तरी कुठं इचारायला लावलं? मी बी भ्यालीच की."

मी पत्राची घडी घालून त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून मला परत दिली.

"उत्तर लिव्हनार न्हवं तुमी तिला?"

"लिहीन ना."

"मग असं लिव्हा, की सर सुखानं गेले. तुमची आठवण काढत हुते. चिदीची काढायचे, ओबीची काढायचे. अळणी जेवायचे त्ये लिव्हू नगा. पोरीच्या आईला आनी कशाला तरास?"

मी म्हटलं, "बरं." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला लागल्या. त्यांनी सांगितलं तसंच मी त्या संध्याकाळी लिहिलं. इंग्रजीत चार ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पोस्टात टाकलं.